पाळीवरचा पाटील आणि बांधीतला सारस

पूर्व विदर्भातला जुना तलाव रिता कसा होतो, हे त्याचा तुडुम पाहिल्याशिवाय कळत नाही. पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, आतल्या अंगाला पायरीपायरीने उतरत गेलेलं बांधकाम, त्यात एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बुच. भादव्यात पावसाने दडी मारली आणि धान निसवायला आला, की गावचा पाणकर सर्वांत वरचं बुच काढतो. पाणी त्या पातळीपर्यंत उतरलं की त्याच्या खालचं. सगळा तलाव एका दिवसात सोडून द्यायची सोय त्यात नाहीच. त्यामुळे तलाव आश्विनापासून उन्हाळ्यापर्यंत सावकाश मागे सरकतो आणि काठाला घोटाभर पाण्याची, चिखलाची, कंदमुळांची नवी पट्टी रोज उघडी पडत जाते. माणसाने हे धानासाठी केलं. पण उथळ पाण्यात चालत चरणाऱ्या पाखरांसाठी याहून सोयीची रचना कुणा पक्षितज्ज्ञालाही सुचली नसती.

गोरेगाव हे गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. एका बाजूला नागझिऱ्याचं जंगल आणि गायखुरीच्या टेकड्या, त्यांतून वाट काढणारी चुलबंद नदी. दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या, मधूनमधून तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी. समुद्र इथून इतका लांब की खारफुटी, खाडी आणि चढता समुद्र या गोष्टी वर्तमानपत्रातच वाचायच्या. तरीही पाणथळ वाचवण्याचा जो झगडा उरणच्या किनाऱ्यावर आणि ठाण्याच्या खाडीकाठी चालला आहे, तोच झगडा त्याच कायद्याच्या त्याच कलमांशी या तलावांच्या पाळीवरही चालला आहे. फरक एवढाच की इथलं पाणी निसर्गाने दिलेलं नाही, ते पिढ्यानपिढ्या माणसांनी अडवून धरलेलं आहे. माझ्या मते या सगळ्या कहाणीची किल्ली तिथेच आहे.

या मुलखाला तलाव मिळाले ते गोंड राजवटीच्या काळात. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन सवलतीने, असं राजाचं धोरण होतं, असं परंपरा सांगते. राजाला खजिन्यातून पैसा काढावा लागत नव्हता, आणि बांधणाऱ्याला आपल्या मेहनतीचं फळ आपल्याच शेतात दिसत होतं. हे काम ज्यांनी अंगावर घेतलं त्यांत सर्वांत पुढे होते कोहळी. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा शेतकरी समाज. ऊस आणि धान ही त्यांची पिकं, तलाव ही त्यांची विद्या. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला होता, तिथून येताना त्याने यांना बरोबर आणलं, अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. आर. व्ही. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे म्हणूनच आहे.

त्यांच्यातला सर्वांत मोठा माणूस कोलू पाटील. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने नवेगावचा बांध घातला, असं मानलं जातं. सात बहिणी नावाच्या टेकड्या तिथे एकमेकींना लागून उभ्या आहेत. त्यांच्यामधल्या खिंडी त्याने मातीने बुजवल्या आणि मागचं सगळं खोरं पाण्याने भरलं. गॅझेटियरमध्ये या तलावाचं क्षेत्र पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिला आहे. मोजणीची यंत्रं नाहीत, कागदावर नकाशा नाही. पाऊस कुठून कसा वाहतो याची डोळ्यांत बसलेली जाण, आणि टोपलीने माती वाहणारी शेकडो माणसं. पाणी कुठे अडवायचं हे कोलू पाटलाने ठरवलं आणि तीनशे वर्षं ते तिथे अडून राहिलं. लोकांनी त्याला मेल्यावर देव केलं. तलावाजवळच्या टेकडीवर कोलासुर म्हणून त्याचं ठाणं आहे. आपल्याकडे लढाई मारणाऱ्याचे, किल्ला बांधणाऱ्याचे पोवाडे पुष्कळ झाले. पाणी अडवलं म्हणून देवपणाला पोचलेला पाटील मात्र विरळा.

नवेगाव मोठं म्हणून त्याचं नाव झालं. पण या तलावांचं खरं बळ लहान तलावांच्या संख्येत आणि त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात आहे. वरच्या अंगाला जंगल, त्याच्या पायथ्याशी पहिला तलाव, त्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या गावच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत, आणि मधल्या उतारावर धानाच्या बांध्या. जंगल तुटलं की गाळ वाढतो, वरचा तलाव फुटला की खालचाही धोक्यात येतो. म्हणून एका गावाने आपला तलाव सांभाळणं हे शेजारच्या गावाच्याही हिताचं होतं.

१८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि त्याच दशकात झालेल्या जमाबंदीत गावांचे मालगुजार हे मालक ठरले. गावचा तलावही त्यांच्याच नावे लागला. ‘मालगुजारी तलाव’ हे नाव तेव्हापासूनचं. मात्र मालकी मालगुजाराची असली तरी त्या पाण्यावर गावाचा निस्तार हक्क होता, म्हणजे रोजच्या गरजेपुरतं पाणी घेण्याचा, गुरं पाजण्याचा हक्क. आणि गावाचे असे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात लिहून ठेवलेले होते. पाणी कुणाच्या बांधीत आधी जायचं हे पंच ठरवत आणि पाणकर ते अमलात आणी. उन्हाळ्यात गाव पाळीवर माती टाकी, गाळ शेतात नेई.

या काळाबद्दल लिहिताना फार हळवं होऊ नये. मालगुजार हा जमीनदारच होता, आणि पाळीवर पडलेली माती कितीदा राजीखुशीने पडली आणि कितीदा वेठीने, याचा हिशेब त्या दप्तरात नाही. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या हाती जाळं होतं, पण पाण्यावर त्यांचा शब्द चालत नव्हता. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. तलाव फुटला तर पहिलं नुकसान मालगुजाराच्या शेताचं होई, त्यामुळे त्याची काळजी घेणारा माणूस गावातच राहत असे आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला. त्यानंतर नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने इथे सिंचन वाढवण्याची शिफारस केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सरकारने स्वतः मोठे तलाव बांधले. तिरोड्याजवळचे बोदलकसा आणि चोरखमारा हे त्यांतलेच. चोरखमाऱ्याहून आज नागझिऱ्याच्या जंगलात शिरता येतं. दुष्काळाच्या भीतीने बांधलेलं पाणी पुढे वाघाबिबट्याचं आणि हिवाळी पाहुण्या पाखरांचं झालं.

मग आलं १९५०. मध्य प्रदेश विधानसभेने मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. कसणाऱ्याच्या डोक्यावरचा मधला धनी गेला, हे भलंच झालं. पण जमिनीबरोबर तलावही सरकारजमा झाले, आणि तलाव म्हणजे नुसती जमीन नव्हे याचा विचार कुणी केला नाही. जमीन कुळाच्या नावावर चढली, तो ती कसू लागला. तलाव मात्र कुणाच्याच हाती आला नाही. १९५६ मध्ये राज्य बदललं, १९६० मध्ये पुन्हा बदललं, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. पाणीपट्टीचा प्रश्न निघाला तेव्हा लोक म्हणाले, आमच्या बापजाद्यांनी बांधलेल्या तलावाच्या पाण्यावर पट्टी कसली? खातं म्हणालं, पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कुठून? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं, आणि दोघे बोलत असताना तुडुमाची बुचं कुजत होती.

सरकारी कागदात या तलावांना आता ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात त्यांची संख्या ६,८६२ सांगितली जाते. मालगुजारी संपली त्याच सुमाराला देशाचं सगळं लक्ष धरणांकडे वळलं होतं. अर्जुनी मोरगावकडे इटियाडोह उभं राहिलं, गोरेगाव तालुक्यात चुलबंद आणि कटंगीचे प्रकल्प झाले. त्यांनी धान वाढवला यात शंका नाही. पण धरणाला अभियंता, चौकीदार, दरवर्षीची तरतूद हे सगळं मिळालं, आणि जे तीनशे वर्षं चालत आलं होतं त्या तलावाला यातलं काही मिळालं नाही. जंगल तुटल्यामुळे गाळ येत राहिला, उथळ काठावर अतिक्रमणं झाली आणि मग बेशरम आली.

बेशरमीची झुडपं या भागात प्रत्येकाने पाहिली आहेत. जांभळट गुलाबी फुलांची, गुरं तोंड न लावणारी, पाण्यात बुडाली तरी न मरणारी आणि उपटून फेकली तर पडल्या जागी मूळ धरणारी. बाहेरून आणलेलं हे झाड कुंपणाला लावलं गेलं आणि तिथून तलावात उतरलं. उथळ काठ त्याने गिळला. दुसरा बदल पाण्याखाली झाला, म्हणून तो दिसला नाही. मत्स्योत्पादन वाढावं म्हणून कटला, रोहू, मृगळ आणि त्यांच्या जोडीला गवत्या मासा तलावात सोडले गेले. पाणवनस्पती फस्त करणं हा गवत्याचा धर्मच. ज्या गवतात मरळ, वाम यांसारखे गावठी मासे अंडी घालत, लपत, वाढत, ते गवतच संपलं. तलाव वरून भरलेला दिसे, पण आत त्याची मेजवानी आटत चालली होती.

या पडझडीच्या काळात नवेगावबांध मात्र तगलं, आणि त्यामागे माणसं होती. माधवराव पाटील डोंगरवार हे तिथले जाणते शिकारी आणि पुढे जंगलाचे राखणदार. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे आले तेव्हा जंगलाची आणि तलावाची भाषा त्यांनी ज्यांच्याकडून शिकून घेतली त्यांत माधवराव आघाडीवर होते. चितमपल्लींच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाने हा तलाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचवला. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, नागझिरा अभयारण्य त्याआधीच १९७० मध्ये झालं होतं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये या दोन्ही जंगलांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. या मर्यादेत आलेल्या पाण्याला वन्यजीव कायद्याचं छत्र मिळालं. मर्यादेबाहेरच्या तलावांना मिळालं नाही. आणि सारस मर्यादेबाहेर राहतो.

सारसाला जंगल लागत नाही. त्याला उघडा माळ, उथळ पाणी आणि धान लागतो. उभा राहिला की माणसाएवढा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. करडा देह, लाल डोकं आणि मान. जोडी आयुष्यभर टिकते, आणि दोघं मिळून मान वर करून जी साद घालतात ती शिवारातून मैलभर ऐकू जाते. बादशहा जहांगीराने एक सारस जोडी पाळली होती आणि तिला लैला-मजनू अशी नावं दिली होती. त्यांनी घरटं कधी केलं, अंड्यांवर कोण कधी बसतं, पिल्लं कशी निघाली, हे त्याने आपल्या आत्मवृत्तात इतक्या बारकाईने नोंदवलं आहे की पक्षिशास्त्राचे अभ्यासक आजही ते मानाने वाचतात. ज्याने शिकारीत हजारो जनावरं मारली तो बादशहा एका जोडीच्या अंड्यांपाशी दिवसामागून दिवस लक्ष ठेवून राहतो, हे मला फार बोलकं वाटतं.

महाराष्ट्रातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला. उरला तो गोंदिया जिल्ह्यात, थोडा भंडाऱ्यात, चंद्रपूरकडे तर कित्येक वर्षं जेमतेम एकटादुकटा. वैनगंगा आणि वाघ या नद्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातही तो आहे. नदी राज्यांची हद्द असली तरी सारस ती मानत नाही, सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे. गोंदियात झिलमिली, परसवाडा असे तलाव त्याच्या मुक्कामाचे. पावसाळ्यात मात्र तो तलाव सोडून बांधीत येतो. धान गुडघाभर झाला की मधोमध पेंढ्याचा आणि गवताचा ढीग रचतो, त्यावर बहुधा दोन अंडी, आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर बसतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? रोवणी केलेल्या धानातला एक तुकडा मोडला. वाफ्यात उतरावं तर माणसाएवढा पक्षी पंख पसरून अंगावर येतो. म्हणून पूर्वी कितीतरी घरटी उधळली जात, अंडी उचलली जात.

हे थांबलं ते गावोगाव फिरून बोलणाऱ्या माणसांमुळे. गोंदियातल्या ‘सेवा’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दोन दशकांपूर्वी सारसांचा माग काढायला सुरुवात केली तेव्हा जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच सारस उरले होते. त्यांनी शेतकऱ्याला कायद्याचा धाक घातला नाही. घरटं ज्याच्या बांधीत, तोच त्याचा राखणदार, असं ठरवून घेतलं. ‘सारस मित्र’ तयार झाले. फवारणी घरट्यापासून दूर ठेवायची, कुत्री येऊ द्यायची नाहीत, पिल्लं चालायला लागेपर्यंत त्या तुकड्यात कापणीची घाई करायची नाही, इतक्या साध्या गोष्टी. दरवर्षी जूनमध्ये, तलाव सर्वांत आटलेले असतात आणि सारस उरलेल्या पाण्यापाशी गोळा होतात तेव्हा मोजणी होते. वनखात्याची आणि कार्यकर्त्यांची पथकं पहाटे अंधार असतानाच ठरलेल्या जागी बसतात, कारण उजाडल्यावर पाखरं चरायला निघून जातात आणि एकच सारस दोन ठिकाणी मोजला जाण्याची भीती असते. संख्या हळूहळू वाढत २०२० मध्ये गोंदिया जिल्ह्यात चाळिसाच्या वर गेली.

पण नंतर ती उतरू लागली. २०२३ च्या मोजणीत आकडा तिशीच्या आसपास आला. कारणं सगळ्यांना दिसत होती. बांध्यांवरून गेलेल्या विजेच्या तारा या जड, संथ उठणाऱ्या पक्ष्याला उडताना चुकवता येत नाहीत; तारांना धडकून आणि शॉक लागून सारस मेले. कीटकनाशकांनी धानातले बेडूक, किडे, गोगलगायी संपवल्या आणि कधी थेट पाखरंही. नदीच्या पात्रातून वाळू गेली. तलावांचे काठ पुन्हा आक्रसले. २०२१ मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली आणि ती जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतली. गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर या तिन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली सारस संवर्धन समित्या नेमल्या गेल्या. तारांचं काय करणार, शेतीतल्या विषाचं काय करणार, पाणथळ जागांचं संरक्षण कसं होणार, असे प्रश्न प्रशासनाला उत्तर द्यावं लागेल अशा जागी विचारले गेले. एका पक्ष्यासाठी उच्च न्यायालयाने इतका पाठपुरावा करावा ही महाराष्ट्राच्या वन्यजीव इतिहासातली लहान घटना नाही.

पाणथळ जागांचा प्रश्न आला की मात्र गाडी एका विचित्र ठिकाणी अडते.

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात पाणथळ कशाला म्हणावं ते सांगितलं आहे: नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायम असो वा हंगामी, गोडं असो वा खारं, समुद्राचं असेल तर ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसलेलं. कृत्रिम हा शब्द तिथे जाणूनबुजून आहे. भारत १९८२ पासून या करारात आहे. आपल्या २०१० च्या नियमांत तलाव आणि मानवनिर्मित पाणथळ जागा धरलेल्या होत्या. २०१७ मध्ये ते नियम बदलले. धानाची शेतं जुन्या नियमांतही वगळलेली होती, ती नव्या व्याख्येतही बाहेरच राहिली. पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठेही वगळले.

ही व्याख्या सारसाच्या बाजूने वाचून पाहा. तो घरटं करतो धानाच्या शेतात, ते वगळलेलं. तो चरतो आणि रात्री उतरतो सिंचनाच्या तलावात, तोही वगळलेला. कायद्याच्या नजरेत गोंदियाचा सारस पाणथळीत राहतच नाही. हीच कात्री किनाऱ्यावरही चालली आहे: मुंबईच्या खाडीकाठच्या मिठागरांत रोहित पक्षी आणि परदेशी पाणपाखरं उतरतात, पण मिठागर ‘मिठासाठी बांधलेलं’ म्हणून बाहेर. तिथे निदान किनारा नियमनाचा कायदा १९९१ पासून आहे, खारफुटी तोडण्यावर उच्च न्यायालयाची बंदी आहे, २०१५ मध्ये ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ती खाडी रामसरच्या यादीत गेली. गेल्या शतकभरात जगाचा समुद्र सरासरी वीस सेंटिमीटर चढला, तेव्हा खारफुटी आणि चिखलाची पट्टी ही शहराची ढाल आहे हे मुंबईला थोडंफार पटू लागलं. इथे ढाल कशासाठी लागते? मृगात धो धो कोसळून मग पंधरा-पंधरा दिवस तोंड न दाखवणाऱ्या पावसासाठी. ते पाणी धरून ठेवायला या तलावांइतकी जुनी आणि सिद्ध व्यवस्था दुसरी नाही.

माणसाने बांधलं म्हणून ते पाणथळ नव्हे, हा युक्तिवाद महाराष्ट्रात तर टिकतच नाही. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, २०२० मध्ये जाहीर झालेलं. ते तळं गोदावरीवर पाटबंधाऱ्यासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागेच साठलं आहे. तिथे जे मान्य झालं ते परसवाड्याला, झिलमिलीला का नाही?

तलाव वाचवायचे म्हणजे ते खोदायचे, असा एक समज आता पक्का झाला आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली, आणि गाळ काढणं ही गरज होतीच. कोहळ्यांनीही ते पिढ्यानपिढ्या केलं. पण जेसीबीने काठापासून सरळ खाली दहा फूट उतरवलेला तलाव हा तलाव राहत नाही, ती टाकी होते. पाणी वाढतं, पण घोटाभर पाण्याची पट्टी जाते, आणि तिच्याबरोबर कंद, शिंपले, मासोळीची अंडी आणि पाखरं जातात. वर फरसबंदी, फेरीबोट आणि बाकडी घातली की सुशोभीकरण झालं म्हणायचं.

याहून शहाणं काम अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवरांनी करून दाखवलं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी मच्छीमारांच्या बरोबर बसून आधी एक यादी केली: कोणत्या तलावात कोणती वनस्पती होती, ती कुठल्या खोलीवर वाढते, तिच्यात कोणता मासा राहतो. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, म्हाताऱ्या ढिवरांच्या आणि पाण्यात उतरून काम केलेल्या बायांच्या डोक्यात होतं. मग उन्हाळ्यात, तळ उघडा पडल्यावर, बेशरम मुळासकट उपटली. कोरड्या तळावर नांगर फिरवला. पहिल्या पावसानंतर दुसऱ्या चांगल्या तलावातून गाद, चिऊल अशी पाण्याखालची गवतं आणि काठाची कंदवर्गीय झाडं आणून, धानाचं रोवणं करावं तशी, चिखलात हाताने रोवली. त्यात गावातल्या बचतगटांच्या बाया पुढे होत्या. गवत्या मासा सोडायचा नाही असं ठरवलं. काही हंगामांत गावठी मासे परतले, जाळ्यातलं उत्पन्न वाढलं, आणि त्यांच्यामागे पाखरंही आली. सारसाला आवडणारे कंदही याच काठावर वाढतात. पाखरांसाठी वेगळी योजना त्यांना करावी लागली नाही.

म्हणून मला वाटतं, गोरेगावसारख्या तालुक्यात पाणथळ संवर्धन म्हणजे तारेचं कुंपण आणि पाटी अशी समजूत करून घेणं ही १९५१ चीच चूक पुन्हा करणं होईल. तेव्हा तलाव गावाकडून काढून खात्याकडे दिला. आता खात्याकडून काढून दुसऱ्या खात्याकडे द्यायचा, एवढंच. ११ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सव्वादोन लाखांहून अधिक पाणथळ जागांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करून हद्दी आखायला सांगितलं आहे. उपग्रहाच्या नकाशात सव्वादोन हेक्टरच्या वरचं पाणी धरलेलं आहे, त्यामुळे मोठे मामा तलाव त्यात असायला हवेत. पडताळणीला माणूस येईल तेव्हा तो निळा डाग तपासून जाईल, की तुडुम चालू आहे का, उन्हाळ्यात पाणी किती राहतं, मासेमारी कुणाच्या हाती आहे, कुणाच्या बांधीत सारसाचं घरटं झालं होतं, हेही लिहून घेईल? दुसरं व्हायचं असेल तर ग्रामसभेला आधी तयार राहावं लागेल.

नागझिऱ्याच्या कडेच्या गावांना त्यासाठी एक हत्यार आधीच मिळालेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली पाण्यातल्या माशांवर आणि इतर उपजावर सामूहिक हक्क मागता येतो, आणि पाचवं कलम ग्रामसभेला पाणलोट क्षेत्र, जलस्रोत आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार देतं. सामूहिक दावा भरताना जंगलाचा नकाशा जोडला जातो, डिंक, मोह, तेंदूपत्ता लिहिला जातो. त्याच नकाशावर जंगलाच्या पायथ्याचा तलाव, त्याची पाळ, सांडवा आणि त्याच्या खालची बोडी काढायची, आणि जुन्या वाजिब-उल-अर्जची नक्कल महसूल दप्तरातून काढून दाव्याला जोडायची.